नक्षीला अर्थ विचारताना

गेल्या वर्षी रात्री झोपण्याआधी फोन चाळत पडले होते, तेव्हा एक फोटो समोर आला. खिडकीचं लाकडी दार. जुनं, धुराने काळवंडलेलं. त्यावर कोरलेली वर्तुळं, वर्तुळात पाकळ्या, कडेला बारीक चौकटींची जाळी. एक बोटभर जागा मोकळी नव्हती. खाली कॅप्शन होतं : मादागास्करच्या डोंगरातले झाफिमानिरी लोक लाकडावर आपली भाषा कोरतात, मधाचं पोळं म्हणजे समाज, कोळ्याचं जाळं म्हणजे नातीगोती.

मी तो फोटो लगेच सेव्ह केला. आपल्याला अशा पोस्टी आवडतात. एक सुंदर वस्तू दिसते, तिच्यात काहीतरी दडलेलं असतं आणि दोन ओळींत ते उलगडतं. पाच सेकंदांत एक अख्खी संस्कृती समजल्यासारखं वाटतं.

मग त्या फोटोचा माग काढत वाचत गेले. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की, ज्या कॅप्शनमुळे मी तो फोटो सेव्ह केला, त्याच कॅप्शनवर माझा आता विश्वास उरलेला नाही. हा लेख त्याबद्दल आहे. मी मादागास्करला गेलेली नाही. मी फक्त या लाकूडकामाबद्दल लिहिलं गेलेलं वाचलं आहे, आणि त्या लिखाणाबद्दलच मला बोलायचं आहे.

आधी थोडी ओळख. मादागास्कर हे आफ्रिकेच्या पूर्वेला असलेलं प्रचंड बेट. तिथल्या भाषेचे सगळ्यात जवळचे नातेवाईक मात्र आफ्रिकेत सापडत नाहीत. ते सापडतात समुद्रापार बोर्निओत. बेटाच्या मध्यभागी उंच पठार आहे. त्याच्या आग्नेयेकडच्या पावसाळी, धुक्याच्या डोंगरांत झाफिमानिरी राहतात. युनेस्कोच्या नोंदीनुसार ते सुमारे 25,000 आहेत आणि शंभरेक गावा-वाड्यांत विखुरलेले आहेत. अठराव्या शतकात बेटावरची जंगलं झपाट्याने तुटत होती, तेव्हा हे लोक या दुर्गम जंगलात येऊन वसले. त्यांच्या घरात जवळजवळ सगळं लाकडाचं : भिंती, खांब, तुळया, बसायचे ठोकळे, पेट्या, हत्यारांचे दांडे. वीसेक जातींची झाडं ते वापरतात आणि कुठलं लाकूड कुठल्या कामाला हे ठरलेलं असतं. घरात लोखंडाचा खिळा नाही, बिजागरी नाही. एका फळीला जीभ काढायची, दुसरीला खाच पाडायची आणि ठोकून बसवायचं. घर खोलून, फळ्या खांद्यावर घेऊन, दुसरीकडे उभं करता येतं.

2003 मध्ये युनेस्कोने या लाकूडकामाचा गौरव केला आणि 2008 मध्ये ते मानवतेच्या अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत आलं. आपला योग 2016 मध्ये आणि कुंभमेळा 2017 मध्ये ज्या यादीत गेला, तीच ही यादी.

यादीतली नक्षी

युनेस्कोचा मजकूर जेमतेम दोन-तीन परिच्छेदांचा आहे. पण तो नीट वाचण्यासारखा आहे, कारण जगभरच्या पर्यटन साइट्स, दुकानं आणि मी सेव्ह केलेली ती पोस्ट या सगळ्यांचं मूळ तिथेच आहे. त्यात म्हटलं आहे की या भौमितिक आकृत्या ठरावीक संकेतांनी बांधलेल्या आहेत. त्यांतून या लोकांचं आग्नेय आशियाई मूळ आणि अरबी प्रभाव दिसतो. कोळ्याचं जाळं कुटुंबातले बंध दाखवतं आणि पोळं सामूहिक जीवन.

यात खोटं काय आहे, असं कोणी विचारेल. नावं खरीच आहेत. पोळ्याच्या आकृतीचं नाव पापिंतांतेली आणि तांतेली म्हणजे मध. माझा आक्षेप नावाला नाही. नावापासून अर्थापर्यंत जी उडी मारली जाते, तिला आहे. आपण साडीच्या एका काठाला ‘रुईफुल’ म्हणतो. तो काठ नेसणाऱ्या बाईला रुईच्या झाडाबद्दल काही सांगायचं असतं का? स्वेटरच्या विणीला ‘जाळी’ म्हटलं की आजी नातेसंबंधांवर भाष्य करते का? नाव ही ओळखायची सोय असते. ‘तो जाळीवाला घाल’ एवढ्यापुरती.

पण यादीची एक गरज असते. यादीत काही घालायचं तर ते ‘काहीतरी मोठं’ आहे हे परक्या माणसाला चटकन पटवावं लागतं. नुसतं ‘हे लोक लाकूड फार चांगलं कोरतात’ म्हणून भागत नाही. म्हणून नक्षीला वाक्य बनवलं जातं, आणि वाक्य झालं की त्याचं भाषांतर करता येतं. भाषांतर झालेली गोष्ट घरापासून सोडवून कुठेही नेता येते.

न विचारायचे प्रश्न

इथे मला मोरिस ब्लॉक भेटले. ब्लॉक हे मानववंशशास्त्रज्ञ. जन्म फ्रान्समधला, कारकीर्द लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधली. म्हणजे बाबासाहेब जिथे शिकले तिथेच. 1970 च्या दशकापासून ते एका झाफिमानिरी गावात पुन्हा पुन्हा जाऊन राहिले. 1995 मध्ये त्यांचा एक छोटा निबंध आला. त्याच्या शीर्षकाचा भावार्थ असा : मादागास्करच्या कोरीवकामाला विचारू नयेत असे प्रश्न.

निबंधाची सुरुवात एका फजितीने होते. ब्लॉक गावात जातात आणि कुठल्याही अभ्यासकाने विचारावा तोच प्रश्न विचारतात : ही कसली चित्रं आहेत? उत्तर येतं, कसलीच नाहीत. याचा अर्थ काय? काही नाही. मग कोरता कशाला? लाकूड छान दिसावं म्हणून, लाकडाचा मान म्हणून. ते खोदून विचारतात, तर एखादा गोल आकार ‘चंद्र’ असल्याचं कळतं. पण हे सांगणाऱ्यालाही त्यात फार रस नसतो.

आळशी अभ्यासक इथे दोनपैकी एक निष्कर्ष काढतो. एक, हे लोक गुपित लपवत आहेत. दोन, पूर्वजांना अर्थ माहीत होता आणि हे विसरले. आपल्याकडे दुसरा निष्कर्ष फार लोकप्रिय आहे. कुठल्याही जुन्या देवळासमोर उभं राहा, ‘आपल्या पूर्वजांनी यात विज्ञान दडवलंय’ म्हणणारा कोणीतरी भेटतोच. ब्लॉक दोन्ही वाटांनी जात नाहीत. ते म्हणतात, उत्तर बरोबर असेल तर? चुकीचा असेल तो माझा प्रश्न. मग ते नक्षीकडे बघायचं थांबवतात आणि ज्यावर नक्षी आहे त्या घराकडे बघतात. माझ्या मते या निबंधाचं सगळं मोठेपण या एका वळणात आहे.

घर आणि लग्न

आपल्याकडे म्हणतात, घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. म्हणजे दोन्ही जिकिरीची कामं. ब्लॉक यांचं वर्णन वाचताना मला वाटलं, झाफिमानिरींना ही म्हण कळणारच नाही. त्यांच्याकडे ही दोन कामं नाहीतच. एकच आहे.

तरुण मुलगा घर बांधायला घेतो तेव्हा ते नाजूक असतं. लाकडाचा सांगाडा आणि विणलेल्या बांबूच्या भिंती. त्या भिंतींतून वारा येतो, उजेड येतो, आतलं बोलणं बाहेर जातं. नव्या जोडप्याचं नातंही अजून असंच मानलं जातं. टिकेल, न टिकेल. घराच्या मधोमध मुख्य खांब असतो, तो पुरुषाचा. चूल असते, तीन दगडांची, ती बाईची. मुलं होतात, वर्षं जातात, आणि एकेक करून बांबूच्या जागी जाड लाकडी फळ्या येतात. लोक म्हणतात, घराला हाडं येताहेत.

हाडं कुठली? झाडाच्या गाभ्याची. या लाकडाला ते तेझा म्हणतात. कोवळ्या झाडात ते नसतं. झाड जून झालं की आत धरायला लागतं, आणि बाहेरचं पांढरं लाकूड कुजून गेलं तरी ते तसंच उभं राहतं. माणसाचंही असंच आहे असं त्यांचं म्हणणं. तान्हं मूल मऊ, म्हातारा माणूस हाडांचा. फरक एवढाच की माणूस मरतो आणि तेझा राहतो. आणि कोरायचं असतं ते या तेझावर. लग्न मुरत जातं तशी भिंत कठीण होत जाते आणि कठीण झालेल्या फळ्यांवर नक्षी चढत जाते. आधी बाप कोरतो, मग मुलगे. जोडपं मेल्यावर घर रिकामं पडत नाही. ते पूर्वजांचं घर होतं. नातवंडं-पतवंडं आशीर्वाद मागायला त्याच खांबापाशी आणि त्याच चुलीपाशी येतात, आणि घर आणखी पक्कं, आणखी देखणं करत राहतात.

म्हणजे कला ‘पिढ्यान्‌पिढ्या चालत आली’ असं आपण जे ढोबळपणे म्हणतो, त्याचा इथे एक अगदी नेमका आकार आहे. मुलगा कोरायला शिकतो ते आईबापाच्या घरावर. त्याचा कित्ता आणि त्याचं कर्ज एकाच भिंतीवर असतं.

आता त्या गावकऱ्याचं उत्तर पुन्हा ऐका : लाकडाचा मान म्हणून. आधी टाळाटाळ वाटलेलं हे उत्तर आता मला अगदी काटेकोर वाटतं. नक्षी घट्ट होण्याबद्दल काही सांगत नाही. घट्ट होण्याच्या कामातलाच तो शेवटचा हात आहे. आपण लोणचं मुरलं का हे चाखून बघतो, बरणीवरच्या लेबलवर वाचत नाही.

1947 मध्ये फ्रेंच सत्तेविरुद्ध मादागास्करमध्ये उठाव झाला आणि तो चिरडताना सैन्याने गावं जाळली. ब्लॉक राहिले ते गावही जळालं. या घरांवरच्या त्यांच्या दुसऱ्या निबंधाच्या शीर्षकातच ‘पुनरुत्थान’ हा शब्द आहे, तो यामुळे. एखाद्या समूहाची स्मृती खांबात आणि चुलीत असते तेव्हा घर जाळणं म्हणजे काय आणि ते पुन्हा उभारणं म्हणजे काय, हे मला त्या निबंधाने जितकं कळवलं तितकं नक्षीच्या कुठल्याही अर्थकोशाने कळवलं नसतं.

ब्लॉक यांच्याशी माझं भांडण

इतकं सगळं मान्य करूनही ब्लॉक यांच्यापाशी माझं समाधान होत नाही. तीन गोष्टी खटकतात.

पहिली. ‘अर्थ विचारू नका’ हा धडा ते फार लवकर पक्का करतात. एखाद्या गोष्टीला आज अर्थ नसेल म्हणून उद्या येणार नाही असं थोडंच आहे? या डोंगरांच्या पायथ्याशी अंबोसित्रा नावाचं गाव आहे, मादागास्करमधलं लाकूडकामाचं मोठं केंद्र. तिथल्या दुकानांत नक्षीदार पेट्या, ठोकळे आणि खिडकीच्या दारांच्या छोट्या प्रती मिळतात. पर्यटक विचारतो, विकणारा सांगतो : पोळं म्हणजे एकी. हे सांगणारा माणूस खोटा आणि ब्लॉक यांना ‘काही नाही’ म्हणणारा म्हातारा खरा, असं ठरवायचा अधिकार मला नाही. शेती पुरत नसेल आणि त्या दोन ओळींनी घर चालत असेल, तर त्या ओळीही त्याच्याच. माझी तक्रार त्याच्याशी नाहीच. ज्यांना त्या ओळी हव्या असतात त्यांच्याशी आहे. म्हणजे माझ्याशी.

दुसरी गोष्ट चुलीची. ब्लॉक यांच्याच वर्णनात घराला दोन केंद्रं आहेत, खांब आणि चूल. पण कोरीवकामाचा विषय निघाला की सगळं लक्ष खांबाकडे जातं, कारण कोरतात पुरुष. बांबूच्या भिंतींची जागा लाकूड घेतं, एवढं सांगून त्या विणीला निरोप दिला जातो. तीन दगडांवर दहा-वीस वर्षं रोज रांधल्याशिवाय त्या लग्नाला हाडं आली असती का? ब्लॉक हे जाणतात, पण नक्षीची चर्चा सुरू झाली की ते मागे पडतं. युनेस्कोच्या नोंदीत तर नाहीच. जगाच्या यादीत लाकूड गेलं, चूल घरीच राहिली. आणि भिंत एवढी काळी कशाने झाली? मी ज्या फोटोवर भाळले तो काळा रंग चुलीच्या धुराचा होता.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे : जंगल. गाभा धरायला झाडाला कित्येक वर्षं लागतात. झाफिमानिरी जंगल तोडून, जाळून शेती करत आले आहेत आणि जंगल मागे हटत गेलं आहे. मादागास्करमधल्या मौल्यवान लाकडांची चोरटी तोड इतकी वाढली की 2013 मध्ये तिथल्या शिसवाच्या आणि आबनूसाच्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. युनेस्कोलाही या कलेची काळजी वाटते ती मुख्यतः लाकूड संपत चालल्यामुळे.

ब्लॉक यांनी गावात याबद्दलही विचारलं. जंगल जातंय याचं वाईट वाटतं का? मी हे वाचताना पुढच्या ओळीत हळहळ असणार असं धरूनच चालले होते. पण गावकऱ्यांना वाईट वाटत नव्हतं. झाडं गेल्यामुळे लांबवरचं दिसतं, डोंगर मोकळे होतात, आणि मोकळं, स्वच्छ दिसणं त्यांना आवडतं. जंगलाच्या धुक्यात, चिखलात आणि अंधारात जन्म काढलेल्या माणसांना उजेडाचं अप्रूप होतं.

मी त्या पानावर बराच वेळ अडकले. मला हवी असलेली गोष्ट कशी जुळून आली होती : निसर्गाशी एकरूप डोंगरी लोक, त्यांचं पवित्र लाकूड, त्यांचं हरवत चाललेलं जंगल. आणि त्या लोकांनीच ती मोडली. पुन्हा एकदा प्रश्न आमचा होता आणि उत्तर त्यांचं. पण इथे मी ब्लॉक यांच्यासारखी नुसती नम्र होऊन थांबू शकत नाही. जंगल गेल्याचं कोणाला दुःख नसलं तरी तेझा मात्र जंगलातूनच येतो. घराला हाडं हवीत आणि डोंगर मोकळे हवेत, या दोन इच्छा एकाच माणसाच्या असू शकतात. त्या एकत्र नांदणार नाहीत हे सांगायला लाकूड संपावं लागतं. वारशाच्या यादीत ‘कौशल्य’ जपता येतं. कौशल्य हातात असतं. पण साठ वर्षांचं झाड कुठल्या यादीत वाढवायचं?

मामाला फोन

आता माझ्याच घरातली गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय हा लेख मी लिहिलाच नसता.

माझ्या आजोळच्या घराला कोरीव चौकट होती. सागवानी. वर गणेशपट्टी, दोन्ही बाजूंना पोपट, खाली कमळं. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, याचा अर्थ काय? ती म्हणाली, “अर्थ कसला, बाई? नक्षी आहे. दाराला शोभा नको?” मला ते उत्तर अडाणीपणाचं वाटलं होतं.

वाटण्या झाल्या, घर पडायला आलं, आणि जुन्या वस्तू घेणारा एक जण आला. त्याने मामाला चौकटीचा अर्थ समजावून सांगितला. पोपट म्हणजे प्रेम, कमळ म्हणजे लक्ष्मी. बहुधा पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायची तालीम करत असावा. चौकट गेली. तेव्हा मी कॉलेजात होते आणि मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. फोनमध्ये तिचा एक फोटो आहे, थोडा हललेला.

ब्लॉक वाचून झाल्यावर मी मामाला फोन केला आणि पहिल्यांदाच वेगळं विचारलं. ती चौकट घराला पहिल्यापासून होती का?

“नाही गं,” मामा म्हणाला. “पहिली साधी होती. आंब्याची. ही आजोबांनी नंतर बसवली.”

“नंतर म्हणजे कधी?”

“आपले अण्णा झाले त्या साली. आधीची दोघं गेली होती ना. हे टिकलं, तेव्हा सुतार बोलावला. तीन महिने ओट्यावर बसून काम करत होता म्हणे. तुला काय करायचंय आता ते?”

झाफिमानिरी आणि आम्ही सारखे आहोत, असं मला यातून सुचवायचं नाही. मादागास्करच्या डोंगरांतल्या घरांत पूर्वजांचा कोपरा ईशान्येला असतो आणि आमचं देवघरही ईशान्येला होतं, हे वाचल्यावर मी हुरळले होते. पण तो पुन्हा कॅप्शनचाच मोह. मला एवढंच कळलं की त्या चौकटीबद्दल मी पंचवीस वर्षं चुकीचा प्रश्न धरून बसले होते. पोपटांचा अर्थ आम्हांला विकत घेणाऱ्याने सांगितला. ती कधी बसवली आणि का, हे मामाला माहीत होतं, आणि त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

तो सेव्ह केलेला फोटो अजून आहे. आता तो उघडला की मी वर्तुळांकडे कमी बघते. कडेची एक पट्टी अर्धी कोरलेली आहे आणि पुढे सपाट सोडलेली आहे, हे मला खूप उशिरा दिसलं. ती पुढे कोण कोरणार होतं? हे दार आता भिंतीवर नाही, पाठीमागे पांढरा कागद आहे. म्हणजे ते कुणीतरी विकलं आणि कुणीतरी घेतलं. त्या घरात पुढचा मुलगा होता की नाही, आणि असला तर तो आता कशावर कोरतो, हे कॅप्शनमध्ये नाही.